साहेबांचा गुडघा आणि तीन पाकिटे

कुठल्याही गोष्टीची किंमत एकाच माणसाने सांगितली की कोटेशनकाकांना ती खोटी वाटे. तीन माणसांनी तीन बंद पाकिटांतून सांगितली तरच ती किंमत. खडकीच्या सरकारी कारखान्यात, खरेदी विभागात त्यांनी चौतीस वर्षे काढली. निवृत्त झाल्यावर विभाग मागे राहिला, पाकिटे घरी आली. गच्चीच्या गळतीसाठी तीन कोटेशने, नातीच्या बारशाच्या पेढ्यांसाठी तीन कोटेशने. काकूंच्या नव्या ओट्यासाठी तर सात वर्षांत एकवीस जमली होती, आणि ओटा होता तोच होता: कडाप्प्याचा, कडेला टवका उडालेला. आमच्या सोसायटीत काकांचे खरे आडनाव फक्त वीजबिलावर उरले होते.

‘छान’ हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नाही. त्यांची सर्वोच्च पसंती दोन शब्दांत मावे: “हरकत नाही.” काकूंच्या पुरणपोळीला हरकत नव्हती. एका कोजागरीला गच्चीवर आटीव दुधाचा केशरी वास दरवळत असताना त्यांनी चंद्राकडे बराच वेळ पाहिले आणि त्यालाही हरकत घेतली नाही.

निवृत्तीच्या वर्षी त्यांनी एक कुत्रा आणला. पिकत आलेल्या गव्हाच्या रंगाचा, लॅब्राडॉरच्या वळणाचा. त्याचे नाव त्यांनी ‘साहेब’ ठेवले. “चौतीस वर्षं साहेबांनी मला उभं ठेवलं,” ते म्हणत, “आता मी साहेबांना बसवतो.” रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये त्यांचा खणखणीत आवाज घुमे, “साहेब, बसा!” आणि साहेब बसत. इतक्या तृप्तीने निवृत्तिवेतन उपभोगणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. साहेबांच्या नखांचा ठेका दिवसभर माझ्या छतावर वाजे, चार स्वच्छ मात्रांचा. एका श्रावणात त्यातली एक मात्रा गळाली. काकांना मात्र वेगळेच दिसत होते. साहेब आता मागचा डावा पाय बाहेर फेकून, एका कुशीवर रेलून बसू लागले होते.

“सरळ बसा, साहेब. ही काय जेवणानंतरची मीटिंग आहे?”

हा बेशिस्तीचा ठपका दोन आठवडे चालला. शेवटी न राहवून मी म्हणाले, “काका, साहेब शिस्त मोडत नाहीयेत. त्यांचा गुडघा दुमडत नाहीये.”

“तुम्ही गुडघ्यातल्या तज्ज्ञ कधीपासून, बाई?”

“मला खालून ऐकू येतं. तीनच पाय वाजतात.”

काकांनी खाली वाकून त्या पायावरून हात फिरवला, तेव्हा साहेबांनी मान वळवून त्यांचे मनगट हलकेच दातात धरले आणि लगेच सोडले.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी साहेबांना आडवे केले, मांडीचे हाड एका हाताने धरले आणि नडगी दुसऱ्या हाताने पुढे ढकलली. टेबलाचा खण उघडावा तशी ती सरकली. गुडघा धरून ठेवणारा आतला बंधच तुटला होता.

“किती?” काकांनी विचारले.

“काका, आधी काय करायचं ते तर ऐका.”

“ते तुम्ही पाकिटात लिहा.”

पाकिटे तीन आली. पहिले काचेच्या दवाखान्याचे, जिथे कुत्र्यांना सोफा होता आणि माणसांना बाक: हाड कापून त्याचा कोन बदलायचा, धातूची पट्टी बसवायची. तो आकडा वाचून काकू म्हणाल्या, “एवढ्यात ओटा, ट्रॉल्या आणि वर चिमणी होईल.” दुसरे, सांध्याबाहेरून जाड दोऱ्याने आवळून घेण्याचे, निम्म्या दरात. तिसरे कात्रजकडच्या एका वयस्क डॉक्टरांचे: वजन उतरवा, विश्रांती द्या, पट्ट्याशिवाय सोडू नका, फरशीवर चटया घाला, गोळ्या लिहून दिल्या आहेत. काकांनी फूटपट्टी घेऊन तुलनात्मक तक्ता आखला आणि खाली सही केली, ‘सर्वांत कमी दर मंजूर.’

मग साहेबांची तूप लावलेली पोळी बंद झाली आणि दुधीभोपळा सुरू झाला. दर रविवारी काका त्यांना रद्दीवाल्याच्या काट्यावर उभे करत. “काय भावानं लावायचं, काका?” रद्दीवाला विचारी. सोसायटीही मागे नव्हती. कुणी तिळाचे तेल सुचवले, कुणी हळदीचा लेप. अध्यक्षांनी व्यवहार सांगितला, “सोडून द्या हो. पुण्यात कुत्री काय कमी आहेत?”

“माणसं तरी कुठे कमी आहेत?” काका म्हणाले. “तरी तुमची बायपास झालीच की.”

दोन महिन्यांत वजन उतरले. त्याबरोबर मांडीही वाळली, आणि छतावरचा ठेका तीनच मात्रांचा राहिला. काका पुन्हा कात्रजला गेले, बरोबर मीही, मागच्या सीटवर साहेबांचे डोके मांडीवर घेऊन. वयस्क डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिले.

“अहो, माझं पत्र पुरतं वाचलंत का? कमीत कमी किती, असं विचारलंत. मी कमीत कमी लिहिलं. खाली लिहिलं होतं, एवढ्या वजनदार कुत्र्याला हे पुरेल याची खात्री नाही, शस्त्रक्रिया केलेली बरी. आता सगळा भार दुसऱ्या गुडघ्यावर येतोय. तो गेला, तर हा उठून उभा राहणार नाही.”

घरी येऊन काकांनी तक्ता काढला. वेगवेगळ्या तीन वस्तू त्यांनी एकाच रकान्यात मांडून त्यांतली स्वस्त उचलली होती. “खात्यात हे केलं असतं तर मेमो मिळाला असता,” ते पुटपुटले.

“मग काढा की मेमो,” काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

त्यांनी खरोखरच काढला. स्वतःच्या नावे, तीन दिवसांत खुलासा मागणारा. दाराच्या मागे तो टाचणीने लावला. तिसऱ्या दिवशी त्याखाली एक ओळ उमटली: ‘चूक मान्य. कारण, खर्चाची भीती.’ काकूंनी ती वाचली आणि ओट्यासाठी साठवलेल्या पैशांचे पासबुक त्याच टाचणीला अडकवले.

“ओटा सात वर्षं थांबलाय,” त्या म्हणाल्या. “त्याला काही दुखत नाही.”

काकांचा स्वतःचा उजवा गुडघा कधीपासून कुरकुरत होता. सरकारी कार्डावर तो फुकट बदलून मिळणार होता. मी त्याविषयी विचारले, तर म्हणाले, “माझा गुडघा सरकारी आहे, बाई. सरकारी काम थांबू शकतं. साहेबांचा खासगी.” त्या उत्तरातली भीती आम्हा दोघांनाही ऐकू आली, मी ती ऐकली नाही असे दाखवले.

हाड कापले, पट्टी बसली. घरभर गोधड्या अंथरल्या गेल्या आणि माझे छत कित्येक आठवडे मुके झाले. जिन्यात स्पिरिटचा आणि ओल्या लोकरीचा वास रेंगाळे. भादरलेल्या पायाचे साहेब आणि मफलर गुंडाळलेले काका इमारतीभोवती फिरत, आधी पाच मिनिटे, मग दहा, घड्याळ लावून. दोघेही लंगडत, एकाचे लंगडणे हळूहळू ओसरत गेले.

थंडीतल्या एका सकाळी वरच्या गोधड्या निघाल्या. चहाचा कप हातात तसाच धरून मी ऐकत राहिले. चार मात्रा. चौथी जरा दबकी, पण चौथी.

संध्याकाळी पार्किंगमध्ये काकांनी हळू आवाजात, जवळजवळ विनंती करावी तसे म्हटले, “साहेब, बसा.” साहेब बसले. दोन्ही गुडघे दुमडून, पाऊल अंगाखाली घेऊन. काकांनी बाजूने पाहिले, मागून पाहिले, आपला सरकारी गुडघा टेकवून खालूनही पाहिले. “हरकत नाही” हे दोन शब्द म्हणायला त्यांना फार वेळ लागला.

काका गेल्या वर्षी गेले, झोपेत, कुणाला काही न विचारता. त्यांचा गुडघा शेवटपर्यंत तोच राहिला. दिवस झाल्यावर काही महिन्यांनी काकूंनी ओटा केला. मी बघायला गेले. काळा ग्रॅनाइट हाताला पहाटेच्या पाण्यासारखा गार लागत होता.

“कोटेशनं किती घेतलीत, काकू?”

“एकच गवंडी बोलावला. त्याला म्हटलं, उद्या येतोस का.”

साहेब ओट्यापाशी घुटमळत होते, तोंडाभोवती पांढरे झालेले. काकूंनी हात पुसले आणि म्हटले, “साहेब, बसा.” ते बसले. काकूंनी बाजूने पाहिले, मागून पाहिले. मग ग्रॅनाइटच्या कडेवरून, जिथे पूर्वी टवका होता तिथून, बोट फिरवले.

“हरकत नाही,” त्या म्हणाल्या. कुणाला, ते मी विचारले नाही.