पोत्याच्या मापाचं दप्तर

"अवो शीतल, धाव वो! दप्तराले पाय फुटले! दप्तर चालून राहिलं घरात!"

आमच्या मायनं ही आरोळी अशी ठोकली की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली, आणि बिरसीच्या पायलट शाळेचं जे छोटं विमान रोज आमच्या कौलांवरून जातं, त्यानं त्या सकाळी वळणच बदललं. (मी स्वतः पाहिलं.) मी अर्धी दाढी तशीच ठेवून बाहेर आलो. मायचं काही खोटं नव्हतं. ओसरीवरून एक निळं, टम्म फुगलेलं दप्तर उंबरठ्याकडं निघालं होतं. खाली दोन पाय, तेही घोट्यापुरते. वर काहीच नाही.

"तनू कुठं आहे?" शीतलनं, म्हणजे माझ्या बायकोनं, घाबरून विचारलं.

"मी आहो ना इथं!" दप्तर म्हणालं.

आणि उंबरठ्यावर अडखळून उताणं पडलं. आता पाय वर, दप्तर खाली आणि मधे कुठंतरी आमची सहा वर्षांची एकुलती एक पोरगी, खदखदा हसणारी.

"बाबा, अजून एकदा पडू?"

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. दप्तर मी आणलं होतं. आणि एक गोष्ट इथंच स्वच्छ सांगून टाकतो: दप्तर मी माप घेऊन आणलं होतं!

त्याचं असं झालं. तनूचं आणि शाळेचं आधीपासून जमत नव्हतं. अंगणवाडीत ती खाऊपुरती बसायची. खाऊ संपला की बाईंची पाठ वळायच्या आत घरी. एकदा मी तिला बळजबरीनं बसवायला गेलो, तर अंगणवाडीच्या दाराची कडी उपटून हातात घेऊन आली. (कडी अजून आमच्याकडंच आहे. परत मागायची कोणाची हिंमत झाली नाही.) या वर्षी पहिलीत घालायचं, म्हणून घरात नुसती धाकधूक. पण उन्हाळ्यात कोहमाऱ्याला मामाकडं जाताना तिनंच जाहीर केलं, "पाठीवर नवं दप्तर असन तं जाईन शाळेत. नाई तं नाई जात."

"ऐकलं ना?" बायको म्हणाली. "एक दप्तर आणाचं आहे फक्त. जमन ना तुमाले?"

आता हा प्रश्न कोणाला? मी राईस मिलचा सुपरवायझर. आख्खी जवानी पोती पाहण्यात घातलेला माणूस. कोणतं धान्य कोणत्या पोत्यात मावन, हे मी झोपेत सांगतो. आणि मला विचारते, जमन ना?

अडचण एकच होती. मापाला पोरगी हजर नव्हती; ती कोहमाऱ्याला मामाच्या ढाब्यावर पापड खात बसली होती. दुसरा कोणी बाप असता तर अंदाजानं दप्तर उचलून आला असता. आपल्याला अंदाजाचं काम चालत नाही! सुट्टीआधी मी तिला मिलच्या काट्यावर उभी केली होती, तेव्हा वजन मला पाठ. बरोबर तेवढा तांदूळ मी एका पोत्यात भरला, तोंड सुतळीनं आवळलं, आणि वर तनूची उन्हाळी टोपी चढवली. उन्हासाठी नाही, डोकं कोणत्या बाजूला, ते दुकानदाराला कळावं म्हणून. मग पोतं मोटरसायकलवर समोर बसवलं आणि आमच्या कामठ्याहून थेट गोंदियाच्या बाजारात.

दुकानदारानं काउंटरवर ठेवलेल्या पोत्याकडं बराच वेळ पाहिलं.

"भैया, ये क्या है?"

"लड़की," मी म्हणालो. "मतलब, लड़की का माप."

"इसके कंधे किधर हैं?"

"अंदर हैं. आप बॅग तो दिखाओ."

त्यानं हत्तीची चित्रं असलेली, लहान लहान, गोंडस दप्तरं काढली. एकही पोत्यावर चढेना. पट्टे अर्ध्यावर येऊन अडायचे. एकाचा तर टाका उसवला. तेवढ्यात एक बाई आपल्या वांड पोराला ओढत दुकानात आली, पोत्याच्या टोपीवर तिनं मागून मायेनं हात फिरवला आणि पोराला म्हणाली, "देख! कितनी शांत बच्ची है! कुछ सीख इससे!"

"भैया," दुकानदार घायकुतीला आला, "बच्ची को ले के आओ ना. बोरा गोल रहता है, बच्ची पतली रहती है."

"वजन बरोबर है," मी छाती ठोकून म्हणालो. "मुठीभर का भी फरक निकला तो मूँछ उतार दूँगा!"

शेवटी तो शिडी लावून माळ्यावर चढला आणि धूळ झटकत एक दप्तर खाली घेऊन आला. पहाड चढणाऱ्यांचं होतं म्हणे ते. गोंदियात पहाड कोण चढणार? म्हणून पडून होतं बिचारं. पण पोत्यावर असं बसलं की जणू त्याच पोत्यासाठी शिवलेलं! शिवाय आमच्याकडं पोरांचं काहीही घ्यायचं ते वाढत्या अंगाचंच. (माझा पहिलीतला शर्ट मी स्वतःच्या लग्नात कोटाच्या आत घातला होता आणि तेव्हाही बाह्या दुमडाव्या लागल्या होत्या.) दहावीपर्यंत काळजी मिटली, अशा आनंदात मी घरी आलो.

वजन सारखं असलं तरी पोतं गोल असतं आणि पोरगी काडी असते, हा भेद मला कोणी सांगितलाच नाही. (दुकानदारानं सांगितला होता. पण हिंदीत सांगितला, म्हणून मी मनावर घेतला नाही.)

तर तनू आदल्या रात्रीच मामाकडून परतली, आणि आता शाळेच्या पहिल्या दिवशी सकाळी ती काडी ओसरीवर उताणी पडलेली, आणि बायको मला सुनावून राहिलेली.

"पोतं नेलं? पोरीच्या मापाले पोतं नेलं? तुमाले पोट्टी आन् पोतं यातला फरक कळत नाई?"

"वजन बरोबर..."

"वजनाचं नाव काढू नका! तनू, दे ते इकडं. आज मामाच्या पोराचं जुनं दप्तर घेऊन जाय."

झालं! हसणारी पोरगी एका क्षणात भोंगा झाली. "मले हेच पाहिजे! हे नाई तं मी शाळेत नाई जाऊन राहिली!" आणि तिनं दाराच्या कडीकडं असं पाहिलं की मी आधी जाऊन कडीवर हात ठेवला.

बायको खालच्या आवाजात म्हणाली, "आज ती नाई बसली तं वर्षभर नाई बसत. मंग तुमीच बसा पहिलीत."

हे ती रागात बोलली होती. पुढं काय होणार, हे त्या माउलीला तरी कुठं माहीत!

आरडाओरडा ऐकून शेजारचे सुकराम काका आले. काकांची हयात पाठीवर फवारणीचा पंप घेऊन धानाच्या बांधांवरून फिरण्यात गेलेली. पाठीवर काय टांगावं, यात गावात त्यांच्या वर कोणी नाही. त्यांनी आडव्या पडलेल्या तनूकडं पाहून विचारलं, "काऊन वो बाई, विमानातून उडी मारून राहिली का?"

मग उपचार सुरू झाले. मायचं म्हणणं, मागं भार आहे तर पुढंही द्या. तनूच्या गळ्यात पाण्याची बाटली अडकवली. तरी मागं पडली. डबा अडकवला. तरी मागं. मायनं नारळ आणून अडकवला, तेव्हा तनू पुढं पडली. तिला तेही आवडलं. तोवर शाळेचा ऑटो दारात येऊन पों पों करायला लागला. ऑटोवाल्यानं डोकं बाहेर काढलं.

"भाऊ, सामान टपावर टाका."

"सामान नाही, पोरगी आहे ती!"

"दोन सवाऱ्या होतात गा. जागा नाई." आणि गेला निघून.

मी तिला मोटरसायकलवर समोर बसवून पाहिली. दप्तराच्या मागं मला रस्ता दिसेना. गाडी अंगणाबाहेर निघायच्या आधीच मी तुळशीवृंदावनाला प्रदक्षिणा घालून गोठ्यात शिरलो. शाळेची घंटा जवळ येऊन राहिली होती, आणि तनूच्या डोळ्यांत 'आता नाईच जात' असं स्पष्ट दिसायला लागलं होतं. तेवढ्यात माझ्या डोक्यात ती कल्पना आली. (माझ्या डोक्यात कल्पना आली की बायको आधी देवाजवळ दिवा लावते.)

"तनू, दप्तर पाठीवर पाहिजे ना? मग दप्तर माझ्या पाठीवर, आणि तू दप्तरात!"

आतलं सगळं मी बाहेर काढलं आणि पोरगी टुणकन आत! दप्तरातून तिचं फक्त मुंडकं बाहेर. "आत पोट्टी आहे, पट्टा निसटला तं?" असं म्हणून सुकराम काकांनी नायलॉनची दोरी आणली, माझ्या छातीवरून, दंडांवरून, काखेतून फिरवली आणि करकचून गाठ मारली.

"बैलाची गाठ आहे. जितका ओढशील तितकी आवळते."

"मग सोडायची कशी, काका?"

"मी सोडतो ना!" असं म्हणून काका शेतावर निघून गेले.

आम्ही कामठ्याच्या रस्त्यानं निघालो. पानठेल्यावरच्या लोकांनी चहा टाकून दिला. कोणी ओरडलं, "का गा, पोरगी विकाले नेऊन राहिला का बाजारात?" तनू वरून हात हलवत होती, मंत्र्याची मिरवणूक निघाल्यासारखी. शाळेच्या दारात मी गुडघ्यावर बसलो, ती सुळकन बाहेर आली आणि, देवाशप्पथ सांगतो, न रडता वर्गात गेली! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी वळलो.

"बाबा! दप्तर कुठं नेऊन राहिले माझं?"

खरंच की! दप्तर माझ्या पाठीवर. मी गाठ ओढली. गाठ आवळली. पुन्हा ओढली. श्वास आवळला. पहिलीच्या मॅडम कात्री घेऊन आल्या, तशी तनूनं किंकाळी फोडली, "माझ्या दप्तराले हात नाई लावाचा! मी घरी जाते!" आणि तिचा हात वर्गाच्या कडीकडं गेला.

मॅडमनी कात्री खाली ठेवली. क्षणभर विचार केला. दप्तर वर्गात राहिलं तर मुलगी राहते. दप्तर बापाला बांधलेलं आहे.

"या," त्या मला म्हणाल्या. "शेवटच्या बाकावर बसा."

असा मी पहिलीत बसलो. गुडघे कानांना लागलेले, दप्तर बाक आणि भिंतीच्या मधे रुतलेलं. शेजारच्या पोरीनं मला न्याहाळून विचारलं, "तू नापास झाला का?"

"नाही गं, मी तनूचा बाबा."

तनू पुढून वळून म्हणाली, "मी यांले ओळखत नाई."

मॅडमनी माझ्या पाठीकडं बोट दाखवून अख्ख्या वर्गाला पाठ दिला. "बघा मुलांनो, दप्तर असं नसावं. आपल्या पाठीएवढं असावं. खांद्याशी सुरू, कमरेशी संपलं. पहिलीला एक पाटी, एक वही आणि डबा, बस!"

"पण मॅडम, वाढत्या अंगाचं..."

"वाढली की दुसरं घ्या. आणि बोलायच्या आधी हात वर करा."

आता हात कसा वर करणार? दंड बांधलेले! मॅडमनी विचारलं, बेडूक कुठं राहतो, तर मी बसल्या बसल्या उत्तर देऊन टाकलं. कावळ्याचंही दिलं. (एवढी वर्षं अडलेलं ज्ञान होतं, थांबेना!) मॅडमनी मला तोंडावर बोट ठेवायला लावलं. दुपारी खिचडी आली, तेव्हा ताट मांडीवर घेऊन कोपरापुढच्या हातानं मी ती अशी संपवली की दुसऱ्यांदा मागितली. "आधी मुलांचं होऊ द्या," मॅडम म्हणाल्या. खिचडीनंतर माझा डोळा लागला. जागा झालो तर अख्खा वर्ग माझ्या घोरण्यासारखा आवाज काढून राहिला होता, तालात, आणि सगळ्यांत मोठा आवाज तनूचा!

शाळा सुटताना सुकराम काका आले. त्यांनी दोन बोटांनी गाठ अशी सोडली की जणू ती कधी नव्हतीच. मी दप्तर मोठ्या मानानं तनूपुढं धरलं. तिनं पाहिलंसुद्धा नाही. ती शेजारच्या पोरीचं हत्तीच्या चित्राचं इवलंसं दप्तर पाठीवर लावून वर्गभर नाचत होती.

"बाबा, मले असं पाहिजे. ते तुमालेच राहू द्या. आन् उद्या नका येऊ."

उद्या! पोरगी आपल्या तोंडानं 'उद्या' म्हणाली! माझा ऊर भरून आला. मी चुरगळलेला शर्ट सारखा केला, मॅडमसमोर उभा राहिलो आणि विचारलं, "मॅडम, खरं सांगा. रमन ना आता शाळेत?"

फळा पुसता पुसता मॅडम म्हणाल्या, "मुलगी रमली. तुमचं काही सांगता येत नाही."