बदकआत्याची मान

मुलांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात आमची बदकआत्या बरीच वर्षे होती. हात माझा, आवाज पत्नीचा. कापडी बाहुली हातात चढवून मी मेजाखाली बसे. शेजारी ती माइक धरून. तिला दमा होता. प्रत्येक उत्तरापूर्वी श्वास जमवावा लागे. तेवढ्या वेळात बाहुली निर्जीव दिसू नये, म्हणून मी तिची मान पलीकडे वळवीत असे. श्वास जमला की मान परत येई आणि आत्या बोले. पुणेकरांनी याला तोरा मानले. आम्ही खुलासा केला नाही. पत्नीला तो गैरसमज आवडे.

ती गेल्यानंतर आत्यावर संगणकी चित्रपट निघाला. कोथरूडमधील एका सोसायटीच्या सभागृहात जुन्या चाहत्यांनी त्यावर चर्चा ठेवली. मला आमंत्रण होते.

"आत्याला नाचवलं कशाला?" एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या. "आत्या आहे ती, करवली नव्हे."

"अहो बाई, पिक्चर मुलांसाठी आहे," संयोजक तरुण म्हणाला. "आणि ॲटिट्यूड ओरिजिनलच ठेवलाय. मान फिरवली की अख्खं थिएटर हसतं."

"तेवढं एक जमलंय खरं," बाईंनी मान्य केले.

ते हसू मी चित्रपटगृहात ऐकले होते. आत्या मान वळवते, ढोलकीवर थाप पडते, लोक हसतात. पत्नीच्या धापेला हसतात. त्यांचा दोष नाही. त्यांना ठाऊक नव्हते.

तरुणाने दुकानातून आणलेली आत्याची हातबाहुली माझ्यापुढे धरली. "काका, खरी मान एकदा दाखवा ना. सगळ्यांना बघायचीय."

सांगता आले असते. पण आपले आजारपण चारचौघांत निघालेले तिला कधी खपले नाही. तिच्या माघारी ते मी काढणार नव्हतो.

मी बाहुली हातात चढवली, मान वळवली. सभागृह हसले. पत्नीने माझ्या कोपराला बोट लावले की मान परत आणायची, अशी आमची खूण असे. हात थांबून राहिला. हसू ओसरले. खुर्च्या करकरल्या.

"काका, आता बोलू द्या की तिला," मागून कोणीतरी म्हणाले.

मी बाहुली उतरवून तरुणाकडे दिली.

"आवाज माझा नव्हता," मी म्हणालो.