दोन कानांचं भांडं

दुपार चढली की एर्सीलियाच्या खानावळीवरचा बोरूच्या काड्यांचा मांडव श्वास घेतल्यासारखा संथ वरखाली व्हायचा. खालच्या वाळूवर उन्हाच्या पट्ट्या सरकायच्या. बघत बसलं तर वाटायचं, टेबलखुर्च्यांसकट सगळी खानावळच हळूहळू समुद्रात निघाली आहे. मे महिन्यात तिचा नवरा नाझारेनो फळ्या ठोकून ती उभी करायचा आणि थंडीआधी मोडून ठेवायचा. मधल्या काळात जवळच्या वास्तो गावची माणसं रविवारी इथे जेवायला यायची, ती ब्रोदेत्तोसाठी, म्हणजे एर्सीलियाच्या माशांच्या रश्शासाठी.

परातीएवढं रुंद मातीचं भांडं, त्याला दोन बाजूंना दोन कान. तळाशी टोमॅटो, लसूण, बिनतिखट हिरव्या मिरच्या. त्यावर आधी माकूल, मग पाकट, मग नाजूक, चपटा लेपा मासा आणि शेवटी शिंपल्यांसकट तिसऱ्या. झाकण पडलं की चमचा भांड्याला शिवायचा नाही. दोन्ही कान धरून ते नुसतं डुलवायचं, पाळण्यातलं मूल जागं होऊ नये इतकं हळू. चमचा लागला की मासा मोडतो, काटे रश्शात सुटतात आणि उरतो तो नुसता चिखल. एर्सीलिया सासूकडून हे शिकली त्याला आता उभा जन्म लोटला होता.

या उन्हाळ्यात मात्र तिची मनगटं दगा देत होती. भांडं उचलताच बोटांतून वीज गेल्यासारखं व्हायचं. मग ती सुनेला काहीतरी निमित्त काढून बाहेर पिटाळायची आणि ओठ दाबून कसंबसं भांडं हिसडायची. गेल्या रविवारी लेपा मोडला होता. कोणी काही बोललं नाही, पण रात्रभर तिच्या डोळ्यांपुढे तो तुकड्या-तुकड्यांचा मासा तरंगत राहिला. भांडं डुलवता आलं नाही तर पुढच्या मे महिन्यात फळ्या कशासाठी उभ्या करायच्या?

आज सगळी टेबलं भरलेली होती. कोपऱ्यात क्लेलियाबाई, पोस्टातून निवृत्त झालेल्या, दर रविवारी ठरल्या खुर्चीत. त्यांची जीभ अख्ख्या किनाऱ्याला ठाऊक होती.

"लोरेदाना, तुझी सासू मासे शिजवतेय की अंडी उबवतेय?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"येतंय, येतंय! पाव खा तोवर," सून हसत म्हणाली आणि आत आली. "आई, मी धरू का जरा?"

"तू वाइन बघ. जा."

सून गेली. एर्सीलियानं फडकी गुंडाळून कान धरले. भांडं जेमतेम एका बाजूला कललं आणि धप्पकन खाली बसलं. रस्सा तळाशी लागू लागल्याचा बारीक आवाज आला. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि खुंटीवरचा लाकडी चमचा काढला. हातात धरून ती तशीच उभी राहिली.

"चमचा कशाला?"

मागच्या दारात नाझारेनो उभा होता, अंगावर खारट ओलं बनियन. लग्नाच्या वर्षी त्यानं मधेच झाकण उघडून वाफ घालवली होती. त्या दिवसापासून त्याला चुलीपाशी यायची बंदी होती आणि ती त्यानं कधी मोडली नव्हती.

एर्सीलियानं चमचा बाजूला ठेवला. मग हळूच म्हणाली, "उचलत नाही रे मला."

त्यानं उंबऱ्यातच पाय घासले. "येऊ का आत?"

"आधी पाय धू. वाळू आणशील रश्शात."

पाय धुवून तो आला, एक कान त्यानं धरला, दुसरा तिनं.

"हिसडू नकोस हं. मी सांगते तसं."

"जन्मभर होडीत उभा राहिलोय, बाई. डुलणं मला शिकवतेस?"

भांडं चुलीवरून तरंगल्यासारखं उठलं. त्याच्याकडून तिच्याकडे, तिच्याकडून त्याच्याकडे. बाहेर लाट यायची, परतायची, आणि त्याच तालात आत तिसऱ्या एकेक करून उघडत टिकटिकत होत्या. वाफेत त्याचा चेहरा विरघळला आणि क्षणभर तिला तो लग्नाच्या वर्षीचा पोरगा दिसला, हातात गरम झाकण घेऊन बावरलेला. दुखणं होतंच, पण लांब कुठेतरी, किनाऱ्यावर राहिल्यासारखं.

भांडं एकेका टेबलावर फिरलं आणि बोलणी आपोआप मंदावली. काटे ताटाच्या कडेला रचले जाऊ लागले. पावानं रस्सा पुसून घेताना लोक डोळे मिटत होते. मांडवातून आलेल्या उन्हाच्या पट्ट्या त्यांच्या चेहऱ्यांवरून सरकत राहिल्या.

एर्सीलिया हात पुसत क्लेलियाबाईंपाशी गेली. "कसं झालंय?"

"लेपा अख्खा आहे," क्लेलियाबाई ताटातून मान न उचलता म्हणाल्या. "गेल्या रविवारी नव्हता."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तू खानावळ बंद केली असतीस. मग रविवारी मी कुठे जाऊ?" त्यांनी पावाचा शेवटचा तुकडा ताटात फिरवला. "आत कोण आहे गं तुझ्याबरोबर?"

एर्सीलियानं मागे पाहिलं. नाझारेनो रिकाम्या चुलीपाशी उभा होता. पुढे काय करायचं ते न कळून त्यानं लाकडी चमचा पुन्हा खुंटीवर टांगला आणि ओल्या पायांचे ठसे फडक्यानं पुसू लागला.

"माझा दुसरा हात," ती म्हणाली.