फक्त बंद शिवायचा होता

माझ्या सासऱ्यांनी मला त्यांची बॅग दिली, तेव्हा ती बॅग होती.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे पुढे तुमचा यावर विश्वास बसणार नाही.

सासरे, म्हणजे आमचे अण्णा, पेणला राहतात. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. तेवढ्या काळात शाळेचे सात मुख्याध्यापक बदलले, इमारत बदलली, अण्णांची बॅग बदलली नाही. जाड तपकिरी चामड्याची, चौकोनी, विटेसारखी कडक. वर्गात शिरले की अण्णा ती टेबलावर आपटत. 'धाड' असा आवाज व्हायचा आणि साठ पोरं जागच्या जागी गप्प. (त्या आवाजाने एका पोराची उचकी कायमची गेली, असं पेणमध्ये सांगतात. एकाला कायमची लागली, असंही सांगतात.)

तर जुन्या विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने अण्णांचा सत्कार ठरवला. अण्णांनी शाल-श्रीफळाला मान डोलावली आणि स्वतःचा कार्यक्रम सांगितला. भाषण करणार नाही, बॅग आपटून हजेरी घेणार. त्या तुकडीचं हजेरीपत्रक त्यांनी अजून जपून ठेवलं होतं. आयुष्यात अण्णांनी स्वतःसाठी मागितलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट. अडचण एवढीच, की बॅगेच्या खांद्यावरच्या बंदाची शिवण उसवली होती.

आणि घरात चर्मकलेचा जाणकार जावई होता.

मी रोह्याला राहतो, धाटावला एका कंपनीत शिफ्ट करतो आणि उरलेल्या वेळात चामड्याच्या वस्तू बनवतो. चार वर्षांत पाच पाकिटं केली, त्यांतली दोन मिटतात. मेव्हण्याला पट्टा केला, त्याला योग्य जागी भोक सापडेपर्यंत मी पाठीपर्यंत भोकं पाडत गेलो. नीताला, म्हणजे बायकोला, मोबाईलचं कव्हर केलं. त्यात बसेल असा मोबाईल अजून बाजारात यायचा आहे.

त्यामुळे त्या गुरुवारी बॅग हातात देताना अण्णांनी तीनदा बजावलं, यात आश्चर्य नाही.

"जावईबापू, फक्त बंद शिवायचा. बाकी बॅगेला हात लावायचा नाही."

"अण्णा, काळजीच करू नका."

"काळजी नसती तर तीनदा सांगितलं नसतं."

सत्काराला दहा दिवस होते. बंद मी त्याच संध्याकाळी अर्ध्या तासात शिवला. आरी, मेण लावलेला दोरा, दुहेरी टाका. ही गोष्ट इथे संपायला हवी होती. पण नव्या टाक्याखाली ती जुनी बॅग फारच सुकलेली, भेगाळलेली, बिचारी दिसायला लागली, आणि माझा हात शिवशिवला.

शुक्रवारी संध्याकाळी मी बॅगेचा फोटो ग्रुपवर टाकला. ग्रुपचं नाव 'रोहा-पेण चर्मकला मित्रमंडळ'. सभासद तेवीस. त्यांतल्या चौघांकडे आरी आहे, बाकीच्यांकडे मतं आहेत. मी विचारलं, "जुनी कडक बॅग मऊ कशी करावी?" चार मिनिटांत एकोणीस उत्तरं आली. (त्यांतली अकरा दोघांच्या आपसातल्या भांडणाची होती.)

ज्याला खरोखर कळतं, असा ग्रुपवर एकच माणूस. रुबेनकाका. रोह्यातले जुने बुकबाइंडर. पन्नास वर्षं जाडजूड पुस्तकांना चामड्याच्या पाठी चढवल्या, आरी कशी धरायची हे मला त्यांनीच शिकवलं. आमच्या भागात ज्यू कुटुंबं आता मोजकी उरलीत, त्यांतलं एक काकांचं. शुक्रवारी दिवे लागले की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत काका कामाला हात लावत नाहीत आणि फोनलाही नाही. मला नेहमी म्हणायचे, "चामड्याला पाणी लावायच्या आधी एक दिवस नुसता विचार करावा. त्यासाठी तर देवाने शनिवार दिलाय."

मी प्रश्न विचारला तेव्हा दिवे लागले होते. एक दिवस थांबायचं होतं. पण शनिवारी माझी साप्ताहिक सुट्टी होती, आणि सुट्टी फुकट घालवण्याइतका मी श्रीमंत नाही.

कोलाडचा एक हॉटेलवाला आमच्या ग्रुपवर आहे. चामड्याची कीचेन करतो. त्याने लिहिलं होतं, "कोमट पाण्यात बुडवा. चहात पाव कसा मऊ होतो, तसं." मला उपमा पटली. सकाळी नऊ वाजता बॅग टबात.

"अहो, बंद शिवायला दिली होती ना ती?" नीता दारात उभी. "मग आंघोळ कसली घालताय?"

"ही प्रोसेस असते."

"अण्णांना माहीत हाय ही प्रोसेस?"

मी पाण्याकडे बघितलं. पाणी चहासारखं झालं होतं. कोलाडच्या माणसाने पुढचं सांगितलं नव्हतं, ते असं, की चहात फार वेळ ठेवला तर पाव बाहेर येत नाही. बॅग बाहेर आली ती भिजलेल्या भाकरीसारखी. दोन हातांनी धरली तर मधून गळायची.

घाबरून मी पुन्हा ग्रुपकडे धावलो. जोह्याच्या एका गणपतीच्या मूर्तिकाराने तातडीने धीर दिला. "ओल्या वस्तूला आतून आधार लागतो. आत ओली शाडू भरा, सुकली की फोडून काढा. आकार पक्का." दुपारच्या एसटीने त्याने दहा किलो शाडू पाठवलीसुद्धा. (मदतीला मंडळ तत्पर आहे, तोच तर घात आहे.) मी बॅगेत माती ठासत होतो आणि तो व्हिडिओ कॉलवर सांगत होता, "जरा गोलाई द्या... अजून जरा... हां, आता सुंदर दिसतंय."

संध्याकाळी सात चाळीसला रुबेनकाकांचा मेसेज आला. "फोटो आत्ता बघितला. पाणी लावू नको. तेल लावू नको. उन्हात तर मुळीच ठेवू नको. कोरड्या फडक्याने पूस, बास. कडकपणा हीच तिची तब्येत हाय."

बॅग त्या वेळी दुपारचं ऊन खाऊन, पोटात दहा किलो माती घेऊन गच्चीवर पडली होती. मी उत्तर लिहिलं, "हो काका." पुढे जोडलेल्या हातांचं चिन्ह टाकलं. आता खोटं बोलून बसल्यावर त्याच माणसाला पुढचा सल्ला विचारणार कसा? राहिले ग्रुपवरचे बाकीचे.

बुधवारी माती सुकली. वरवंट्याने ठोकून ती बाहेर काढली आणि बॅग टेबलावर ठेवली. नीताही बघायला आली. बॅगेला पोट आलं होतं. साधंसुधं नाही, तुंदिलतनू. जोह्याच्या माणसाने जन्मभर एकच पोट घडवलंय, त्याच्या देखरेखीखाली दुसरं काय घडणार? नीताचे हात सवयीने जोडले गेले. मग तिने ते सोडले आणि माझ्याकडे वळली.

"अण्णा ही आपटणार हायत टेबलावर?"

"का नाही आपटणार?"

"गडगडेल ती."

शिवाय बॅग आता दगडासारखी झाली होती आणि कोपरे तडकू लागले होते. गुरुवारी खाडीकडचा पांडू नाखवा घरी आला. तो सुऱ्यांना चामड्याची म्यानं करतो. बॅगेवर बोट वाजवून म्हणाला, "दादा, कातडा तहानलाय. त्याला त्याल पायजे. आमी होडीला लावतो त्योच लाव. मासलीचा त्याल हाय."

"वास नाही ना येत?"

नाखव्याने प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "आमाला तरी नाय येत."

मी अख्खी बाटली चोळली. आणि खरं सांगतो, चमत्कार झाला. बॅग मऊ झाली, चमकली, पोटही थोडं बसलं. तासाभराने कुंपणाच्या भिंतीवर तीन मांजरं आली. दुपारपर्यंत सात झाली. त्यांतलं एक पलीकडच्या आळीतलं आंधळं मांजर होतं, ते कधी घराबाहेर पडत नसे. शेजारच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, "काय गो नीता, आज बोंबील का?"

नीताने आमची खिडकी लावून घेतली.

शुक्रवारी गडबच्या सभासदाचा तोडगा आला. "तांदळात पुरून ठेवा. तांदूळ वास ओढून घेतो." आता योगायोग बघा, घरात चाळीस किलो नवा तांदूळ आलाच होता, तोही गडबचाच. सत्काराच्या जेवणासाठी आमच्यातर्फे द्यायचं कबूल केलेलं पोतं. नीता कामावर गेल्यावर मी बॅग त्यात पुरली. शनिवारी संध्याकाळी उकरून काढली तर वास निम्मा झालेला. तांदूळ वास ओढतो, हे शंभर टक्के खरं निघालं. ओढलेल्या वासाचं तांदूळ पुढे काय करतो, हा प्रश्न मात्र ग्रुपवर कुणी विचारला नव्हता.

रविवारी पेणला हॉल गच्च भरला. बॅग मी शालीत गुंडाळून अण्णांच्या हाती दिली. म्हटलं, "स्टेजवरच उघडा, मजा येईल." अण्णांनी हजेरीपत्रक वरच्या वर आत सरकवलं आणि नाक जरा वर केलं, पण तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं गेलं.

मी तिसऱ्या रांगेत बसलो. शेजारी रुबेनकाका, खास रोह्याहून आलेले. त्यांनी एकदा श्वास घेतला, मग दुसऱ्यांदा खात्री करून घेतली.

"गेल्या शनिवारी मी काय लिहिलं होतं?"

"काका, रेंज नव्हती."

"'हो काका' लिहायला होती?"

मागे वेगळीच कुजबुज चालू झाली होती. प्रमुख पाहुणे माळकरी, म्हणून जेवण शाकाहारी ठेवलेलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण आता हॉलभर दरवळ सुटला होता आणि मागून शिजत्या भाताचाही तसाच येत होता. "अण्णांनी बेत बदलला वाटतं," कुणीतरी समाधानाने म्हणालं. माणसं सावरून बसली.

अण्णांनी शाल उलगडली. बॅगेकडे बघितलं. मग आपली बॅग शोधायला शालीत बघितलं. शेवटी दोन्ही हातांनी ती उचलली. समोर पन्नाशीतले साठ विद्यार्थी श्वास रोखून, कान तयार ठेवून बसलेले. अण्णांनी बॅग टेबलावर आपटली.

पच्च.

मोरीत ओला टॉवेल पडावा तसा आवाज. मग मागून कुणीतरी काळजीने विचारलं, "सर, बॅगेला बरं नाय का?" आणि सगळा हॉल फुटला.

अण्णा हसले नाहीत. त्यांनी दोन बोटांत धरून हजेरीपत्रक बाहेर काढलं. तेल पानांत उतरून ती इतकी पारदर्शक झाली होती, की एक नंबरच्या नावातून एकतीस नंबर दिसत होता. अण्णा त्या पानाकडे बघत राहिले. त्या क्षणी मला कुणी पोत्यात पुरलं असतं तर मी आवाज केला नसता.

मग अण्णांनी बॅग बाजूला ठेवली आणि उघडा तळहात टेबलावर मारला.

धाड.

साठ माणसं गप्प. पाहुणेही गप्प. अण्णांनी पत्रक मिटलं आणि पाठ असलेली नावं क्रमाने घ्यायला सुरुवात केली. टक्कल पडलेली, चष्मेवाली माणसं एकेक करून उभी राहत होती. "हजर, सर." माझ्या शेजारी रुबेनकाकांनी रुमाल काढला. डोळ्यांसाठी की नाकासाठी, ते मी विचारलं नाही.

पंगतीत पानावर बटाट्याची भाजी, वरण आणि भात आला. लोक भात चाळून बघू लागले.

"ओ, मासा कुठंय?"

"शाकाहारी हाय जेवण," वाढपी म्हणाला.

"मग भाताला सांगितलं नाय का कुणी?"

माळकरी पाहुण्यांनी मात्र तिसऱ्यांदा भात मागितला. म्हणाले, "काय गोडी आहे हो. कुठला तांदूळ?" अण्णांनी माझ्यावरची नजर न हलवता उत्तर दिलं, "जावयांनी दिलाय." (पाहुण्यांना आजतागायत कुणी काही सांगितलेलं नाही. हे वाचत असतील तर क्षमा असावी.)

पंधरा दिवस पेणहून माझ्यासाठी फोन आला नाही. मग नीता माहेरी जाऊन आली ती विचित्र बातमी घेऊन. अण्णा रोज ती बॅग घेऊन मासळीबाजारात जातात. वास लागायची भीती नाही, आणि पोटात मावतंही भरपूर.

दुसऱ्याच दिवशी अण्णांचा फोन.

"जावईबापू, बाजारात दोघांना बॅग फार आवडली. हुबेहूब तशीच हवी म्हणतात. पोटासकट."

चार वर्षांतली माझी पहिली ऑर्डर. "अण्णा, लगेच करतो."

"त्यांची एक अट आहे. बॅग तुम्ही बनवा. बंद तेवढा बाजारात चपला शिवणाऱ्याकडून शिवून आणा."

"का हो?"

"तुम्ही शिवलेला काल तुटला. दोन किलो बांगड्यांसकट."