कुलपाचं झाकण

धाकट्या दिराला सगळे उस्ताद म्हणायचे, आणि तो शब्द कानावर पडला की वहिनीच्या कपाळाला आठी पडायची. कसला डोंबलाचा उस्ताद! गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसायचं, येणाऱ्या गाडीचा आवाज लांबूनच ऐकायचा आणि ती थांबायच्या आत तिचा रोग सांगून मोकळं व्हायचं, एवढीच त्याची विद्या. कधीमधी निदान बरोबर निघायचं. चुकलं तर दोष चालवणाऱ्याचा. गाडी मुकी, उस्ताद चुकणार नाही, मग उरलं कोण?

वहिनीच्या बाबतीत तर त्याला विचारसुद्धा करावा लागत नसे. ती बाई होती, त्यात विधवा भावजय, त्यात स्वयंपाकीण. टेकडीच्या माथ्यावर लाकूडतोड्यांचा तळ होता. त्या माणसांचं दुपारचं जेवण ती घरी शिजवायची आणि स्वतः वर नेऊन द्यायची. वर जायला रस्ता असा नव्हताच. दगड, मुळ्या, घसरती माती. तिथं चालायची ती एकच गाडी, नवऱ्यानं हौसेनं घेतलेली. चार जाड चाकं, स्कूटरसारखं हँडल, मागे सामानाची जाळी. चढावर उड्या मारत जायची म्हणून घरात तिला बेडकी म्हणायचे. नवरा गेल्यावर मागच्या अंगणात फेऱ्या मारून वहिनी ती स्वतःच शिकली. सासूबाई खिडकीतून बघत होत्या, तोंडाला पदर लावून.

त्या बेडकीनं हल्ली मान टाकायला सुरुवात केली होती. खाली झकास सुरू व्हायची. अर्धी टेकडी चढली की आचके द्यायची आणि मोठ्या वळणावर बंद पडायची. बटण दाबून दाबून अंगठा दुखायचा. बराच वेळ थांबलं तर कधी सुरू व्हायची, चार हात जायची, पुन्हा ठप्प. मग नाइलाजानं फोन. मग मोटारसायकलवरून उस्ताद, दात कोरत.

"काय वहिनी, पेट्रोल तरी घातलंत का?"

पहिला प्रश्न हाच, दर वेळी. मग कमरेच्या साखळीला लावलेली चावी काढायची, टाकीचं झाकण उघडायचं आणि आत डोळा लावून बघायचं. पेट्रोल असायचं. त्यानं जरासा हिरमुसून झाकण लावायचं, बटण दाबायचं आणि बेडकी पहिल्या फटक्यात सुरू!

"बघितलंत? गाडीला हात कळतो," असं म्हणायचा मेला. "चोक ओढून चालवत असाल. बायकांचं लक्ष नसतं."

झाकणाला कुलूप त्यानंच बसवलं होतं. पेट्रोल जरा जास्त लागतंय, वहिनी शेजारणींना बाटल्या भरून देत असणार, असा शोध त्याला लागला होता. चढावर भांड्यांच्या वजनानं गाडी जास्त पितेय, हे त्या अकलेच्या खंदकाला कोण सांगणार? त्यानं जुनं झाकण काढून गॅरेजातल्या भंगाराच्या डब्यात टाकलं आणि कुठूनसं घट्ट रबराचं, कुलपाचं झाकण आणून बसवलं. चावी स्वतःकडे. वहिनीच्या गाडीत पेट्रोल तोच भरणार, मोजून. सासूबाईंना केवढं कौतुक! "किती काळजी घेतो घराची," म्हणाल्या.

दुरुस्त्याही त्यानं मन लावून केल्या. आधी फिल्टर बदलला आणि "रोग सापडला" असं जाहीर केलं. मग नळी फुंकली, तेव्हाही सापडला. प्लग बदलला, कार्बोरेटर उघडून धुतला, आणि रोग काय, रोज नव्यानं सापडतच राहिला. बेडकी वळणावर बंद पडतच राहिली. वर माणसं उपाशी बसायची आणि शिव्या वहिनीला. त्यांचा मुकादम रागीट नव्हता, पण कंटाळला होता. एक दिवस म्हणाला, "ताई, आता पुन्हा उशीर झाला तर मला दुसरी सोय बघावी लागेल."

त्या दिवशी वहिनी वळणावर बसून रडली. खरंच आपल्या हातात काही नाही, असं तिला वाटायला लागलं होतं. आपण चालवतो तेव्हा बंद पडते, तो हात लावतो तेव्हा चालते. डोळ्यांनी दिसतंय, नाही कसं म्हणायचं?

पण एकदा उस्ताद चावी घरी विसरून आला. झाकण उघडता येईना, म्हणून त्यानं बाकी सगळं उघडलं. प्लग काढला, पुसला, लावला. बटण दाबलं. काही नाही. तोंड लाल झालं. कार्बोरेटरपाशी पेट्रोलची नळी उपसली. दोन-चार थेंब पडले आणि धार थांबली.

"नळी तुंबली! केलंत ना वाटोळं इंजिनचं?" असं ओरडून तो चावी आणायला घरी गेला. वहिनी नळीकडे बघत बसली. गाडी हलवली तर टाकीत पेट्रोल डुचमळत होतं, आणि नळी कोरडी.

तो परत आला, नळीला हातही न लावता त्यानं झाकण उघडलं. फस्स करून आवाज झाला आणि लोंबत्या नळीतून पेट्रोल भळाभळा त्याच्या बुटावर सांडलं. उस्ताद नाचायला लागला, बुटाला, नळीला आणि वहिनीच्या सात पिढ्यांना शिव्या घालत. त्याला दिसलं काहीच नाही. वहिनीला मात्र लख्ख दिसलं. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येत नाही, गुचक्या देतं, थांबतं. दुसरं भोक पाडलं की सरळ धार. हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. टाकीत हवा शिरायला वाटच ठेवली नव्हती या शहाण्यानं. आणि वहिनी वेंधळी आहे, पेट्रोल विसरली असेल, म्हणून दर वेळी आधी झाकण उघडायचा, तेव्हा हवा शिरायची. वर म्हणायचा, गाडीला हात कळतो!

तिनं सांगून बघितलं. "भाऊजी, या झाकणाला भोकच नाही. जुन्याला होतं."

तो एवढा हसला की खुर्ची मागे कलंडली. "टाकीला भोक पाडू? वहिनी, तुम्ही आमटी सांभाळा." आणि त्याच संध्याकाळी जेवताना त्यानं ठरवून टाकलं: उद्यापासून बेडकी मी चालवणार, वहिनींनी फक्त भांडी भरून द्यायची. सासूबाईंनी मान डोलावली. वहिनीनं हातातला घास ताटात ठेवला. गाडी गेली म्हणजे काम त्याचं झालं, आणि ती त्याच्या हाताखालची स्वयंपाकीण. जन्मभर.

"चालवा," ती म्हणाली. "पण पहिल्या दिवशी मी मागे बसेन. भांडी धरायला."

सकाळी तिनं गॅरेजातला भंगाराचा डबा उपसला.

खाली मुकादमही आला होता, त्याला वरच जायचं होतं. त्याच्या देखत उस्तादानं टाकी काठोकाठ भरली, कुलूप लावलं आणि भाषण सुरू केलं. वहिनी मधेच म्हणाली, "वाटेत बंद पडली तर झाकण उघडून बघाल ना?"

"मी? टाकीत डोकवायला लागायचं ते तुमच्यामुळे! आता भरलीय, आंधळा आहे का मी?" असं म्हणून त्यानं चावी साखळीतून काढली आणि तिच्या अंगावर भिरकावली. "ठेवा, ओवाळा तिला!"

मोठं वळण आलं. आचके. ठप्प.

मुकादम मागून चालत पोचला तोवर प्लग बाहेर आला होता. मग फिल्टर. मग कार्बोरेटर. चादरीवर सगळं इंजिन मांडून उस्ताद घामाघूम, शर्टाला काळे डाग. पुन्हा जोडलं, बटण दाबलं, बेडकी ढिम्म. चावी मागायची त्याला सोय राहिली नव्हती. वहिनी दगडावर बसून मजेत बघत होती, आणि खरं सांगायचं तर असं सुख तिला वर्षात मिळालं नव्हतं.

"जेवण गार होतंय," मुकादम म्हणाला.

वहिनी उठली. चावी लावली, झाकण फिरवलं. फस्स! पिशवीतून जुनं झाकण काढून टाकीवर बसवलं, क्षणभर थांबली आणि बटण दाबलं. बेडकी खणखणीत सुरू. उस्ताद मागे बसायला पाय उचलतोय तोवर तिनं गिअर टाकला आणि ती गेली. माथ्यापर्यंत एक आचका नाही.

वर माणसं जेवायला बसली. बऱ्याच वेळानं मुकादम आणि उस्ताद धापा टाकत आले, आणि आल्या आल्या उस्तादानं तोंड उघडलं, "सापडला एकदाचा रोग! कार्बोरेटरमध्ये कचरा होता. मी साफ केला म्हणून वहिनी पोचल्या." दोघा-तिघांनी मानाही हलवल्या. मुकादम मात्र तिला म्हणाला, "ताई, उद्यापासून तुम्हीच आणा. एकट्याच."

काम राहिलं. तिला आनंद व्हायला हवा होता. पण ती त्या घामेजल्या, बढाया मारणाऱ्या तोंडाकडे बघत राहिली. एवढासा हा माणूस! आणि याच्या शब्दावर आपण वळणावर बसून रडलो, आपले हात आपल्याला नालायक वाटायला लागले. त्याला लाज वाटणं तर शक्यच नव्हतं. लाज वाटली ती तिला स्वतःचीच.

तिनं ताट वाढलं, त्याच्या पुढ्यात ठेवलं.

"जेवा भाऊजी, पोटभर जेवा," ती म्हणाली. "आणि मग चालत खाली जा. माझ्या गाडीवर मी तुम्हाला घेणार नाही."