आबांचा उशिरा पडणारा पाय

मी वाडी सोडली त्या दिवशी कशेडीच्या घाटात दरड आली होती. पोलादपूरच्या स्टँडवर मुंबईची गाडी कधी येईल ते कुणालाच सांगता येत नव्हतं. "तुम्ही जा, भाताची लावणी खोळंबलीय," असं मी आबांना दोनतीनदा म्हटलं, पण ते हलले नाहीत. गाडी आली तेव्हा पिशवी हातात देत एवढंच म्हणाले, "नाचून पोट भरत नाय रे. आधी पोट भरायचं, मंग नाचायचं."

म्हणणारा माणूस, माझा बाप, पंचक्रोशीतला नावाजलेला जाखडीवाला होता. वाडीतल्या नव्या पोरांना आणि बोरिवली-दुबईला वाढलेल्या त्यांच्या भावंडांना आता हे सांगावं लागतं. गणपतीत मधे शाहीर आणि ढोलकी, भोवती गड्यांचा फेर, प्रत्येकाच्या एकाच पायात घुंगरांचा चाळ. आबा तो चाळ बांधलेला पाय मुद्दाम उशिरा टाकायचे. ताल निघून गेला, गडी आता तोंडावर आपटणार असं वाटायचं, आणि मग तो पाय यायचा. महाडच्या बाजारातसुद्धा लोक थांबवून विचारायचे, "काय आबा, पाय बरा हाय ना?"

मुंबईत माझे मामा एका डान्स क्लासच्या इमारतीत वॉचमन होते. तिथं बॅले शिकवत. फरशी पुसायला म्हणून मी आत गेलो आणि मागच्या रांगेत उभा राहिलो तो कायमचाच. पुढे परदेशातून एक बाई शिकवायला आल्या आणि मला ब्रसेल्सला घेऊन गेल्या. आबांनी वाडीत सांगितलं, पोरगा हॉटेलात लागला. स्वतः जन्मभर नाचलेल्या माणसाला पोरगा नाचतो हे सांगायची लाज वाटली. मला त्याचा राग आला होता, अजून आहे.

बाई म्हणजे आधुनिक नृत्यातलं बडं प्रस्थ. एकदा रिहर्सलच्या सुट्टीत मी गंमत म्हणून आबांचा पाय करून दाखवला. बाईंनी हातातलं सफरचंद खाली ठेवलं आणि म्हणाल्या, पुन्हा कर. मग कित्येक महिने त्या पायाला घासूनपुसून घेतलं. गुडघा ताण, वजन दोन्ही पायांवर सारखं दे, उशीरसुद्धा मोजून कर. त्यातून जे नृत्य झालं ते जगभर फिरलं. पेपरांत आलं, बाईंनी पडण्याची नवी भाषा शोधली. माझ्या वाडीत ती भाषा शेणानं सारवलेल्या अंगणात बोलली जात होती, पण तिथं पेपरवाले कुठले यायला!

आबा गेले तेव्हा आम्ही दौऱ्यावर होतो. आई फोनवर म्हणाली, "आता येऊन काय करशील? उरकलं सगळं." काही वर्षांनी बाईही गेल्या. त्यांच्या घरावर पाटी लागली, झिजलेले बूट काचेच्या पेटीत गेले, नृत्यं सांभाळायला एक ट्रस्ट उभा राहिला. मी आता त्या ट्रस्टसाठी गावोगाव जाऊन बाईंचं नृत्य तरुण पोरापोरींना बसवून देतो. आबांचे चाळ मात्र आईनं भांडीवालीला दिले. तिचंही बरोबर आहे, वाडीतली नाचाची सगळी पार्टी नालासोपाऱ्याला गेलेली, ठेवून करणार काय?

मी ट्रस्टकडे एकच गोष्ट मागितली. कार्यक्रमपत्रिकेत आबांचं नाव टाका, एका ओळीत, बारीक अक्षरात का होईना. माणसं सभ्य आहेत. म्हणाली, जरूर, फक्त मूळ नाचाचं काही चित्रीकरण असेल तर द्या. आबांचा एकुलता एक फोटो आहे, तोही रेशनकार्डासाठी काढलेला, हात खाली सोडून ताठ उभे.

म्हणून यंदा गणपतीला मुद्दाम आलो. आबांचा पाय आता माझ्याशिवाय कुणाकडे नाही, तर मीच नाचतो आणि आई सांगेल की हा आबांचा. शेजारच्या काकांनी ढोलकी घेतली. मी एका पायात उसने चाळ बांधले, मोबाइल तुळशीकट्ट्यावर टेकवला, आणि नाचलो. जीव ओतून नाचलो. गुडघ्यांना सूज आलीय, तरी.

आई ओटीवर बसून नीट बघत होती. संपल्यावर म्हणाली, "छान हाय. पण हा कुनाचा रे?"

मला वाटलं तिला नीट दिसलं नसेल. पुन्हा केलं. शरीर एका बाजूला सोडायला गेलो तर पाठ आपोआप सरळ झाली. उशीर करायला गेलो तर मनात आकडे सुरू झाले. आई मान हलवत राहिली. "त्यांचा असा पडत नव्हता. त्यांचा कसा... आता तुला कसं सांगू?" मग ती आरतीचं बघायला आत गेली. काकांनीही ढोलकी खाली ठेवली आणि पावसाचा विषय काढला.

चित्रीकरण मी पाठवलं नाही. ब्रसेल्सला लोक विचारतात, तुझं घर कुठलं, आणि मी अजून पोलादपूर सांगतो. पण घर म्हणजे आता आई एकटी. आबांचा पाय खरा कसा पडायचा ते जगात तिलाच तेवढं माहीत आहे, आणि आमच्याकडे बायांनी नाचायची रीत नव्हती.