बोडीतले मासे आणि दोन बहिणी

पांढरी पोटं वर करून तरंगणारे ते मासे अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. कुरखेड्याकडच्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. आमच्या हद्दीत एका ग्रामपंचायतीत चार गावं होती, आणि चारही एकमेकांवर जळायची. एकाला रस्ता मिळाला की बाकी तिघांच्या पोटात दुखायचं. त्या वर्षी बोडी, म्हणजे गावाचं लहान तळं, मासे पाळायला टोल्यावरच्या, म्हणजे चौघांतल्या लहानशा वाडीच्या, बचत गटाला मिळाली. झालं! चौघांतल्या मोठ्या गावाचा जळफळाट सुरू. "टोल्याले बोडी, अन् आमाले काय चिखल?" असं बायका ग्रामसभेत तोंडावर बोलल्या.

वैशाखातल्या एका सकाळी पोलीस पाटलांचा फोन आला.

"साहेब, बोडीतले सारे मासे मेले जी. उन्हानं मेले समजून लोकायनं टोपल्या भरून घरी नेले. तेवढ्यात मोठ्या गावच्या एका बाईच्या अंगात देवी आली. धावत येऊन तिनं घराघरातले मासे फेकाले लावले. ते खाऊन दोन कुत्रे मेले. नाईतर आज इथी माणसं मेली असती."

मी पोचलो. पंचनामा केला, पाण्याचे आणि माशांचे नमुने सीलबंद केले, अज्ञात आरोपीविरुद्ध गुन्हा नोंदवायला सांगितलं. ती बाई पारावर बसली होती. कपाळभर कुंकू, आणि पाया पडणाऱ्यांची रांग. देवीशी माझं वाकडं नाही. पण कुत्रे मरायच्या आधीच माशांत विष आहे हे हिला कळलं, ते काही माझ्या पचनी पडेना.

आमच्या महिला शिपायानं टोल्यावर फिरून दोन गोष्टी काढल्या. ही बाई बचत गटाच्या अध्यक्षीणबाईंची सख्खी थोरली बहीण. आणि वाटेतली सहा घरं सोडून ती आधी धाकटीच्या घरात शिरली होती. चुलीवरचं भांडं तिनं लाथेनं उडवलं होतं.

बाईमाणसाची चौकशी तिच्याच घरी, सूर्य मावळायच्या आत. आरडाओरडा मी केला नाही. खोटं बोलणारा माणूस ओरडण्याची तयारी करूनच बसलेला असतो, साधा प्रश्न त्याला झेपत नाही.

"बाई, सारा टोला सोडून देवीनं आधी बहिणीचंच घर काऊन धरलं?"

"तिचे लेकरं सकाळीच जेवतेत जी," ती पटकन म्हणाली, आणि लगेच तिनं तोंडाला पदर लावला.

लेकरांच्या जेवणाची वेळ देवीला कशाला ठाऊक असेल? ती मावशीला ठाऊक असते. मी लिहायला वही उघडली. तशी तीच बोलू लागली.

"लहानपणी माह्या मागं मागं फिरे ते, साहेब. सैपाक मीच शिकवला तिले. आता पेपरात तिचा फोटो. साहेब लोक तिले ताई म्हनतेत. माहा नवरा उठता-बसता म्हनते, 'तुह्या बहिणीले पाय, अन् तू काय करून राह्यली?' जळली मी. धानावर माराचं औषध उरलं होतं, ते सांजेले ओतून आली. मासे मरतीन, तिची मान खाली जाईन, एवढंच डोक्यात होतं. मेलेले मासे टोल्यावर खातेत, हे सकाळी पानी भरताना आठवलं."

"मग देवी?"

"खरं सांगतलं असतं तर पकडली गेली असती. अन् नुसतं फेका म्हनलं असतं तर कोनं आयकलं असतं माह्यं?"

लिहून घेताना मला तिच्याकडे बघवेना. माझ्याच तुकडीतला एक जण त्याच महिन्यात बढती घेऊन माझ्या पुढे गेला होता. बायकोनं दोनदा सांगूनही मी त्याला अभिनंदनाचा फोन केला नव्हता. अशी आग माझ्याही पोटात होती. फरक एवढाच, की माझ्या हाताशी बोडी नव्हती.

दुसऱ्या दिवशी धाकटीला फिर्यादी म्हणून जबाबाला बोलावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही.

"लिवा साहेब. माह्या बहिणीनं माही बोडी मारली. सोडू नोका तिले. अन् तिनंच माहे लेकरं वाचवले, हेही लिवा."

मी म्हणालो, "बाई, तुमच्या जबाबात नुकसानीचं लिहितात. बाकीचं न्यायालय बघेल."

"मंग मी सही नाई करत."

मी दोन्ही लिहिलं. तिनं ते मला मोठ्यानं वाचायला लावलं, आणि मगच सही केली.

जळणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं काहीतरी मोडायचं असतं. ते मोडल्यावर कुणाच्या ताटात काय पडेल, हे त्याला सुचत नाही, हे मी त्या प्रकरणात शिकलो. पण एक गोष्ट आम्ही दोषारोपपत्रात लिहिली नाही, कारण तिला तिथे रकाना नसतो. त्या सकाळी ती बाई घरात गप्प बसली असती, तर आम्हाला ती जन्मात सापडली नसती. हे तिलाही कळत होतं, आणि तरी ती धावली.